गिलहूलीची गंगाजळी आणि माझं अंगण

फर्गस गिलहूली राहतो न्यूयॉर्क राज्यात आणि मी न्यूजर्सीत. आमच्या घरांमधलं अंतर म्हणाल तर एक रस्ता. राज्याची हद्द त्या रस्त्याच्या पिवळ्या पट्ट्यावरून जाते. पट्ट्याच्या पलीकडे ऑनलाइन पोकर खेळायला बंदी, अलीकडे खुशाल परवानगी. लॅपटॉप उघडला की आतला पहारेकरी आधी विचारतो, कुठे बसलायत? त्याला थाप मारता येत नाही. फर्गसने मारून पाहिली आहे.

म्हणून गेल्या सप्टेंबरात एका सकाळी तो घडीची खुर्ची काखोटीला मारून माझ्या दारात उभा.

"लोरेटा, तुझ्या गॅरेजात एक कोपरा देतेस?"

"भाडं काय देशील?"

"पन्नासच डॉलर आहेत गं. आणि ते खेळायचेत."

"मग बातम्या दे," मी म्हणाले.

फर्गस शाळेची बस चालवतो. साडेनऊला मुलं उतरवली की दुपारी दोनपर्यंत मोकळा. आणि बसमध्ये मुलं काय काय बोलतात ते त्यांच्या आयांना कळलं, तर त्या पोरांना चालत शाळेत पाठवतील. रोजची एक ताजी बातमी, असं भाडं ठरलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या केसांचा मूळ रंग कोणता, इथपासून कोणाचे बाबा हल्ली सोफ्यावर झोपतात, इथपर्यंत. सहा महिन्यांत त्याने एक दिवस भाडं थकवलं नाही. असा भाडेकरू शोधून सापडायचा नाही.

आता पन्नास डॉलरचं प्रकरण. फर्गसची बायको नोरीन चर्चचं वृंदगान बसवते. तिच्याकडे उंच आवाजाच्या अकरा बायका आहेत आणि खर्जात गाणारा पुरुष एकही नाही. फर्गस नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणाला तरी तळघरात बॉयलर सुरू झाल्यासारखं वाटतं, त्यामुळे वीस वर्षं नोरीनचा त्याच्या गळ्यावर डोळा. शेवटी नवराबायकोत करार झाला. वाढदिवसाला मिळालेल्या पन्नास डॉलरचे, त्यात खिशातला एक सेंटही न घालता, मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारी चारपर्यंत दोन हजार झाले, तर गाण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही झाले, तर चार वाजता ईस्टरच्या तालमीला हजर व्हायचं, आणि तिथून पुढे दर रविवारी. पोकरवाल्यांच्या चांगल्या स्पर्धा नेमक्या रविवारी दुपारी असतात. म्हणजे फर्गसच्या दृष्टीने ही जन्मठेपच.

मला वाटलं होतं, जुगारी शेजारी मिळाला, आता गंमत येणार. काळा चष्मा, आरडाओरडा, एखादवेळी घड्याळ गहाण. कसलं काय! हा माणूस पोकर खेळायचा ते पोस्टात तिकिटं विकल्यासारखा. नाताळच्या दिव्यांच्या खोक्यावर त्याने तीन नियम लिहून चिकटवले होते. एक, कुठल्याही टेबलावर गंगाजळीच्या विसाव्या भागाहून जास्त न्यायचं नाही. दोन, पत्ते टाकून देणं हेसुद्धा काम आहे. तीन, डोकं तापलं की लॅपटॉप बंद आणि फावडं हातात.

शेजारच्या भिंतीवर गंगाजळीचा आलेख. जिंकला की हिरवा ठिपका, हरला की लाल. दोन-दोन डॉलरच्या टेबलांवर बसून ठिपके मुंगीच्या चालीने वर चालले होते.

मला तिसरा नियम फार आवडायचा. पानगळीत त्याचे चांगले पत्ते दोनदा मार खाऊन गेले, तर माझ्या अंगणात एक पान शिल्लक राहिलं नाही. आणि जानेवारीत तर कहर झाला. अकराशे चाळीसवर गेलेली गंगाजळी घसरत घसरत दोनशे बारावर आली. बर्फही सपाटून पडत होता. माझ्या गॅरेजपुढची वाट अशी लख्ख, की पोस्टमनने विचारलं, "बाई, गडी ठेवलात काय?" खोटं कशाला बोलू, बर्फाचा अंदाज आला की मी मनातल्या मनात फर्गसच्या पत्त्यांना दृष्ट लावायचे.

नोरीननेही संधी साधली. वृंदगानाचा मरून रंगाचा झगा इस्त्री करून तिने समोरच्या खिडकीत टांगला, माझ्या गॅरेजकडे तोंड करून.

"बघितलास?" मी फर्गसला म्हणाले. "बाह्या लांब करून घेतल्यात हो तुझ्यासाठी."

"तू माझ्या बाजूची आहेस की तिच्या?"

"मी माझ्या अंगणाच्या बाजूची."

तो हसला नाही. खुर्चीची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि परत दोन डॉलरच्या टेबलावर जाऊन बसला.

"शोभतं का रे तुला?" मी विचारलं. "जानेवारीत पन्नास डॉलरच्या टेबलावर होतास."

"बसमध्ये कोणाला मळमळायला लागलं ना लोरेटा, की त्याने पुढच्या सीटवर यायचं असतं. भले तो आठवीतला असो. त्यात लाज कसली? मागे बसून ओकण्यात लाज."

आणि खरंच, फेब्रुवारीभर पुढच्या सीटवर बसून तो सावरला. मार्चचा पहिला रविवार उजाडला तेव्हा खात्यात एकोणीसशे पाच. त्यातले पंधरा भरून तो दुपारच्या छोट्या स्पर्धेत उतरला. उरले अठराशे नव्वद. पहिलं बक्षीस एकशे साठ, दुसरं एकशे चार.

साडेतीनला दोनच खेळाडू उरले होते आणि त्यातला एक फर्गस. तेवढ्यात बर्फाने वाकलेली फांदी तारेवर पडली आणि माझ्या घराची वीज गेली. विजेबरोबर इंटरनेटही. त्याचा काय, माझा काय, दोन्ही फोन झाकणवाले, त्यांचा काही उपयोग नाही. पण नोरीनकडे वीज होती! फर्गसने माझी कचऱ्याची पेटी ओढत रस्त्यात नेली, बरोबर पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे, आणि तिच्यावर लॅपटॉप ठेवला. इंटरनेट न्यूयॉर्कचं, बूट न्यूजर्सीतले.

"दोन राजे आलेत," तो पुटपुटला. निम्म्या चकत्या त्याने लावल्या. समोरच्याने आणखी वाढवल्या. आता फक्त होकाराचं बटण दाबायचं.

आणि वळणावरून नगरपालिकेची बर्फ सारणारी गाडी आली.

"फर्गस, बाजूला हो!" मी किंचाळले.

त्याने लॅपटॉप छातीशी धरून उडी मारली. पलीकडे! माणूस घाबरला की आपल्या घराकडेच उडी मारतो. पडद्यावर पाटी आली: आपण राज्याबाहेर आहात. परत अलीकडे येईपर्यंत त्याचे राजे आपोआप टाकले गेले होते. पुढच्या दोन डावांत उरलंसुरलंही गेलं.

दुसरं बक्षीस. एकोणीसशे चौऱ्याण्णव डॉलर. चार वाजायला वीस मिनिटं कमी.

"सहाच हवेत की रे!" मी म्हणाले. "दोन डॉलरच्या टेबलावर बस. वीस मिनिटांत सहा डॉलर माझं मांजरसुद्धा जिंकेल."

त्याने माऊसवर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं, त्या गाडीने माझ्या वाटेच्या तोंडाशी ढकललेल्या बर्फाच्या ढिगाकडे पाहिलं, आणि लॅपटॉप मिटला.

"डोकं तापलंय गं. फावडं कुठाय?"

नोरीन झगा घेऊन आली तेव्हा तो कमरेत वाकून बर्फ उपसत होता.

"सहा डॉलर कमी पडले म्हणे?"

"हो."

"आणि तू फावडं मारतोयस?"

"आज नियम मोडला, तर उद्या ते दोन हजारही राहायचे नाहीत, नोरीन." त्याने हात पुसले, जॅकेटवरूनच झगा चढवला आणि तिच्यामागून तालमीला गेला. मरून झग्यातला इतका उंच माणूस इतक्या छोट्या पावलांनी चाललेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी मी त्याच्याकडे भाडं मागितलं नाही.

तीन रविवार गेले; तेवढ्या दिवसांत फर्गस गॅरेजात फिरकला नाही. चौथ्या रविवारी दारावर टकटक. नोरीन, आणि तिच्या काखोटीला घडीची खुर्ची.

"लोरेटा, रविवारी तुझं गॅरेज मोकळं असतं का?"

"का गं? खर्ज मिळाला ना तुला?"

"खर्ज? तो गात नाही, गिअर बदलतो! चढावर वेगळा सूर, उतारावर वेगळा. अकरा बायका त्याच्यामागे धावून धावून दमल्यात. काल पाद्री मला हळूच म्हणाले, देवाला मनातल्या मनात गाणारेही आवडतात." तिने इकडेतिकडे पाहिलं. "पण मी हरले असं त्याला सांगू नकोस. तूच त्याला परत खेळायला बोलावलंस असं म्हण."

"म्हणेन. पण भाडं लागेल. अकरा बायकांची एकेक बातमी."

नोरीनने तिथल्या तिथे खुर्ची उघडली आणि बसली. "दार लाव," ती म्हणाली. "सगळ्यात उंच आवाजवालीपासून सुरू करू."

भिंतीवर एकोणीसशे चौऱ्याण्णवचा हिरवा ठिपका अजून तसाच आहे. उद्यापासून फर्गस त्याच्यापुढचा लावील. त्याचं भलं होवो, मी अगदी मनापासून म्हणते. गुरुवारी मात्र पुन्हा बर्फ पडेल असा अंदाज आहे, तेव्हा गुरुवारचं आत्ताच काही बोलत नाही.