मार्थाबाई ज्या ओळीला गप्प होतात

श्रीमती मार्थाबाई आढाव यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला प्रार्थना म्हणण्यापासून अडवले. या वाक्यात छपाईची चूक नाही. सिकंदराबादच्या एका ख्रिस्ती घरात, पवित्र शास्त्राच्या अभ्यासवर्गात, एका ख्रिस्ती शिक्षिकेने एका देशस्थ ब्राह्मणाला येशूची प्रार्थना म्हणू नका असे बजावले. त्यानंतर या बाईंनी मला इतके धक्के दिले आहेत की त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहायला बसलो तर गौरव कुठून सुरू करावा हेच कळेना.

त्याचे असे झाले. माझी पत्नी नलिनी आणि मार्थाबाई एकाच शाळेत शिकवीत असत. नलिनी मराठी, मार्थाबाई गणित. आमच्या नल्लकुंट्याच्या मराठी मंडळींचा काही कार्यक्रम होता, त्याचे निमंत्रण द्यायला नलिनीने मला त्यांच्याकडे पिटाळले. गुरुवारची संध्याकाळ होती. पुढच्या खोलीत आठ-दहा माणसे गोलाकार बसून शुभवर्तमान वाचत होती, आणि तेही चक्क मराठीत. हैदराबादेत मराठी मोठ्याने वाचले जाते अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. मी दारात रेंगाळलो, बाईंनी खुर्ची सरकवली, मी बसलो. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुरू केली. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे ती मला पाठ होती. शिष्टाचार म्हणून मीही सुरात सूर मिसळला. प्रार्थना संपली तशा मार्थाबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या,

"वकीलसाहेब, आत्ता जे म्हणालात ते तुम्हाला खरं वाटतं?"

"शाळेत पाठ केलं होतं," मी म्हणालो. "म्हणायला काय हरकत आहे?"

"हाय की हरकत. आमच्याकडे ज्याला जी ओळ खरी वाटत नाही ती त्यानं म्हणायची नाही. गप्प बसायचं. गप्प बसलं म्हणून इथं कुणी रागवत नाही."

मला मात्र राग आला. कुणी धर्माचा आग्रह केलाच तर काय सुनवायचे याची मनात तयारी ठेवूनच मी खुर्चीत बसलो होतो. आग्रह राहिला बाजूला, इथे मला आत घ्यायलाच कुणी तयार नव्हते! जन्मभर साक्षीदारांची उलटतपासणी केलेल्या माणसाची अशी बिनपाण्याने हजामत व्हावी, हे मला घरी येईपर्यंत पचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून देवापुढे बसलो आणि नेहमीचे स्तोत्र अडले. आजोबांपासून चालत आलेले, झोपेतही म्हणता येईल असे. 'हे तुम्हाला खरं वाटतं?' हा प्रश्न काही कानातून जाईना. पहिली ओळ म्हणालो, दुसरीला थांबलो, तिसरीला थांबलो. शेवटी दोनच ओळी म्हणून उठलो. नलिनी स्वयंपाकघरातून बघत होती. ती कडाडली, "अय्यो! आता आपल्या देवाचं म्हणायलापण मार्थाची परवानगी लागते काय?" पण त्या दोन ओळी मी त्या दिवशी जितक्या मनापासून म्हणालो तितक्या त्याआधी कधी म्हणालो नव्हतो. पुढच्या गुरुवारी मी आपण होऊन मार्थाबाईंकडे गेलो, आणि आजतागायत जातो आहे. मी हिंदूच आहे. मला ख्रिस्ती करून घेण्यात बाईंना काडीचा रस नाही. मला खरे करून घेण्यात मात्र फार आहे.

त्यांची शिकवण्याची रीत सांगायला हवी. उताऱ्यातली चार-सहा वाक्ये वाचून झाली की बाई अर्थ विचारीत नाहीत. "काय टोचलं?" एवढेच विचारतात. एकदा एका सद्गृहस्थांनी शत्रूवर प्रेम करण्याच्या उताऱ्यावर सुरेख विवेचन केले. आम्ही माना डोलावल्या. बाईंनी विचारले, "हे वाचलेलं सांगता की भोगलेलं?" गृहस्थ चाचरले, मग म्हणाले की शेजाऱ्याशी त्यांचे कित्येक वर्षे बोलणे नाही. "मग तिथून सुरू करा," बाई म्हणाल्या. "शास्त्र म्हणजे आरसा. आरशाचं वर्णन करत बसलं तर तोंड कधी धुवायचं?" तो शेजारी आता त्या गृहस्थांच्या घरी चहाला येतो, म्हणजे कधीकधी येतो.

शास्त्रात त्यांचे सर्वांत आवडते माणूस कोण, तर कुणी प्रेषित नाही, राजा नाही. आजारी मुलाला घेऊन आलेला एक बाप. तो येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, आणि जिथे तो कमी पडतो तिथे तूच मला हात दे. "एका दमात दोन्ही खरं बोलला बघा," बाई म्हणतात. "आणि त्याचा मुलगा बरा झाला. येशूनं त्याला आधी पाठांतर करून ये म्हणून परत नाही पाठवलं."

असा कडक खाक्या असणाऱ्या बाई मायेच्या बाबतीत कोरड्या असतील असे वाटेल. नलिनीचे मोठे ऑपरेशन झाले तेव्हा मार्थाबाई रोज दवाखान्यात येत, डबा आणत, तिची वेणी घालत. आदल्या दिवशी घाबरून नलिनी म्हणाली, "मार्था, मी बरी होईन अशी प्रार्थना कर ना." मी तिथेच उभा होतो. दुसरे कुणीही 'होशील, नक्की होशील' म्हणाले असते. बाई म्हणाल्या, "नलू, तू बरी होशीलच असं मला खात्रीनं वाटत नाही. पण तू मला हवी आहेस. एवढं देवाला सांगते, चालेल?" मी हबकलो. आजारी माणसापुढे असे बोलतात? नलिनी मात्र त्यांचा हात धरून शांत झोपली. "इतके लोक धीर देऊन गेले," ती नंतर म्हणाली, "पण भरवसा तिच्या एकटीचा वाटला."

आता मुद्द्यावर येतो. जे लिहिणार आहे ते मार्थाबाईंना विचारून लिहितो आहे. "लिहा," त्या म्हणाल्या, "नाहीतर तुम्ही लोक मला संत करून छापाल."

वर्गात येऊ लागल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आले की शेवटच्या प्रार्थनेत खुद्द मार्थाबाई एका ओळीला गप्प होतात. त्या प्रार्थनेत आधी देवाकडे आपल्या अपराधांची क्षमा मागायची असते, आणि लागलीच, आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे, असे सांगायचे असते. क्षमा मागणारी ओळ बाई खणखणीत म्हणत. पुढच्या ओळीला त्यांचे ओठ मिटत. दर गुरुवारी. मला धक्का बसला, पण विचारायचा धीर झाला नाही.

मग एका गुरुवारी वर्गात एक वृद्ध गृहस्थ आले. निवृत्त धर्मगुरू, रेव्हरंड केदारी, अंबरपेठेत राहणारे. चप्पल काढून दारातच उभे राहिले. खोली एकदम चिडीचूप झाली. मार्थाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "बसा." घरी येऊन मी नलिनीला सहज सांगितले, तर तिच्या हातातली पळी खाली पडली.

"केदारी? तो आला? आणि मार्थानं त्याला बसवून घेतलं?"

मार्थाचे दुःख म्हणून आजवर माझ्यापाशीही न काढलेले सगळे नलिनीने मला त्या संध्याकाळी सांगितले. मार्थाबाईंना एकच मुलगी होती, रूथ. कॉलेजात शिकणारी, आईसारखीच हट्टी. एका रविवारी भर चर्चमध्ये तिने सांगितले की जे मला खरे वाटत नाही ते मी यापुढे म्हणणार नाही. केदारींनी तिला सगळ्यांदेखत अविश्वासी ठरवले. वर्षाच्या आत रूथ तापाने गेली. तिच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना घ्यायला केदारींनी नकार दिला. मार्थाबाईंनी राहत्या घरी, शेजारीपाजारी आणि शाळेतल्या शिक्षिकांसमोर, मुलीच्या शवपेटीपाशी उभे राहून स्वतः शास्त्र वाचले. नलिनी तिथे होती. मार्थाबाईंचा आवाज एकदाही कापला नाही, याचीच तिला भीती वाटली होती.

म्हणजे वर्गाचा तो नियम बाईंचा नव्हताच. तो रूथचा होता.

आणि ज्यांना क्षमा करता येत नव्हती ते गृहस्थ आता दर गुरुवारी दोन खुर्च्या सोडून बसत होते आणि आपल्या वाटची ती शांतता ऐकत होते! मी बाईंना गाठले. "तुम्ही त्यांना येऊ तरी का देता?"

"शास्त्र काय माझ्या बापाचं आहे?"

"मग एकदा क्षमा केली म्हणून टाका आणि सुटा की."

"म्हणून टाकायला ती काय तुमच्या कोर्टातली शपथ आहे?" त्या उसळल्या. मग आवाज खाली आला. "मी रोज करून बघते, वकीलसाहेब. होत नाही. ती ओळ खरी झाल्याशिवाय मला मरायचं नाही. आणि खोटी म्हणून तर मुळीच मरायचं नाही."

अशी वर्षे गेली. या ग्रंथाची तयारी सुरू झाली. आजारपणातून उठलेले केदारी मध्यंतरी एका गुरुवारी काठी टेकत आले. उतारा नेमका त्या आजारी मुलाच्या बापाचा होता. "काय टोचलं?" बाईंनी विचारले. केदारींनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

"बाई, रूथ खरं बोलत होती," ते म्हणाले. "मी जे रोज वेदीवरून म्हणत होतो त्यातलं अर्धं मलाच खरं वाटत नव्हतं. तिनं ते उघड बोलून दाखवलं, म्हणून मी तिला घाबरलो. विश्वास तिच्याजवळ होता. माझ्याजवळ नुसता झगा होता. इथं आल्यापासून क्षमा मागायच्या ओळीला मी गप्प असतो. कोणत्या तोंडानं मागू?"

बाईंची शांतता दर आठवड्याला टिपणाऱ्या मला दोन खुर्च्यांपलीकडची ही शांतता कधी ऐकू आली नव्हती. मार्थाबाईंनी पुस्तक मिटले. प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली, आणि मार्थाबाईंनी ती म्हटली. मोठ्याने नाही, पण म्हटली. आम्ही बाकीचे आपापली ओळ विसरून त्यांच्याकडे बघत राहिलो. केदारी काठीवर कपाळ टेकून रडत होते. मग त्यांनी त्यांची ओळ म्हटली, क्रम चुकवून, एकट्याने.

घरी येऊन मी भरल्या डोळ्यांनी लेख पुरा केला. 'अखेर मार्थाबाईंनी क्षमा केली' असा थाटाचा शेवट केला आणि बाईंची जुनी विद्यार्थिनी, या ग्रंथाची संपादक स्वाती, हिच्याकडे धाडला. लेख छापायला गेला.

पुढच्या गुरुवारी मी जरा मिरवतच गेलो. प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली. मार्थाबाई गप्प.

मला वाटले ठसका लागला असेल. तसे काही नव्हते. ओठ मिटलेले होते, पूर्वीसारखेच. प्रार्थना संपताच मी सगळ्यांदेखत विचारले, आणि आवाज चढला होता हे कबूल करतो. "बाई, हे काय? मागच्या आठवड्यात तर..."

"मागच्या आठवड्यात खरं होतं," मार्थाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "आज रूथचा वाढदिवस. सकाळी उठले तर नव्हतं. शोधलं, सापडलं नाही. काय करू? खोटं बोलू?"

मी केदारींकडे पाहिले. हा म्हातारा आता कोसळणार अशी माझी खात्री होती. पण त्यांनी त्या दिवशी आपली ओळ सोडली नव्हती, खणखणीत म्हटली होती. ते काठी सावरत उठले आणि बाईंपुढे उभे राहिले.

"बरं झालं बाई, नाही म्हणालात," ते म्हणाले. "आज खोटं म्हणाला असतात, तर मागच्या गुरुवारचंही मला खरं वाटलं नसतं. येतो मी पुढच्या गुरुवारी."

मार्थाबाईंनी मान हलवली. मग आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला, आणि वाढदिवसाची म्हणून केलेली खीर त्यांच्यापुढे आणून ठेवली.

मी बाहेर येऊन स्वातीला फोन लावला. लेखाचा शेवट बदलायचा आहे म्हणालो. "अंकल, प्रेसमध्ये गेलाय तो! आता कायकू बदलायचा? इतका छान एंड होता," ती म्हणाली. मी म्हणालो, खोटा आहे. ती म्हणाली, "मग थांबवते."

मार्थाबाई, पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला लोक शंभर वर्षे जगा म्हणतात. ज्या ओळी मला खऱ्या वाटत नाहीत त्या न म्हणायला तुम्हीच शिकवलेत, म्हणून मोजून मापून म्हणतो. तुम्ही आम्हाला हव्या आहात. केदारींनाही हव्या आहात. देव तुम्हा दोघांना निरोगी ठेवो आणि पुष्कळ गुरुवार देवो, काही ती ओळ म्हणण्याचे आणि काही गप्प राहण्याचे. ही माझी प्रार्थना आहे, आणि हिच्यातला एकही शब्द मला गाळावा लागलेला नाही.