मामंजींचं पत्र मी सुधारलं

मराठी घेऊन एम.ए. झालेल्या सुनेच्या हाती कुणी आपलं खाजगी पत्र देऊ नये. माझ्या सासऱ्यांनी दिलं.

मी साताऱ्याची, सासर चेन्नईत तिरुवल्लिकेणीला. सासरचे मूळचे तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले मराठी. मामंजींचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. जुनी रूपं, मध्येच तमिळ शब्द, आणि वाक्याच्या शेवटी एक हेल.

त्यांची थोरली बहीण, अक्का, तंजावरला असत. त्यांचे यजमान गेले तेव्हा मामंजी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात कारकून होते. कामाचं निमित्त सांगून ते तेराव्यालाही गेले नाहीत. अक्कांनी बोलणं टाकलं, ते नऊ वर्षं. फोनवर मामंजींचा आवाज आला की त्या फोन ठेवून देत. शेवटी मामंजींनी माफीचं पत्र लिहायला घेतलं. हात थरथरत असल्यामुळे हातानं लिहिणं जमत नव्हतं, म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करत महिनाभर बसले.

पत्र पुरं झालं तरी ते पाठवेनात. प्रत्येक ओळीखाली लाल रेघा होत्या. कारखान्यात साहेबानं लाल खूण केलेला कागद पुन्हा लिहिल्याशिवाय पुढे जात नसे. ती सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती.

"लाल आहे तोवर हे अक्काकडे कसं धाडू, मा?" ते म्हणाले. तिकडच्या रीतीप्रमाणे ते मला लाडानं 'मा' म्हणत.

मी पाहिलं तर स्पेलचेकची भाषा हिंदी होती. ती बदलून मराठी केली आणि निम्म्याहून जास्त पान स्वच्छ झालं. उरल्या त्या रेघा त्यांच्या घरच्या शब्दांखालच्या. तपासणी बंद करायची खूण तिथेच खाली होती. एक क्लिक पुरला असता. पण माझे हात शिवशिवत होते. मामंजी दुपारचे झोपले होते तेवढ्यात मी ते शब्द बदलले. मग बदललेल्या शब्दांशेजारी जुनी वाक्यं बरी दिसेनात, म्हणून तीही सरळ केली. फाईल त्याच नावानं सेव्ह केली. जुनी प्रत ठेवायचं मला सुचलंसुद्धा नाही.

उठल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं. "पुस्तकासारखं झालं," एवढंच म्हणाले. मी ते कौतुक समजले. छापलेल्या कागदावर त्यांनी वाकडीतिकडी सही केली आणि पोस्टात टाकलं.

आठवड्यानं अक्कांचा फोन आला. मामंजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा स्पीकर चालू असायचा. मी समोरच कॉफी घेऊन उभी होते.

"पत्र आलं," अक्का म्हणाल्या. "सुनेकडून लिहवून घेतलास, होय रे? माफी मागायची तीही दुसऱ्याच्या तोंडानं?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील.

"होय अक्का," ते म्हणाले. "मला टाइप करायला येत नाही."

पलीकडून फोन बंद झाला.

त्या महिनाभरात मी त्यांना रोज टाइप करताना पाहिलं होतं. अक्षर सापडलं की मान डोलवायचे. मला रडू कोसळलं. मी म्हणाले, "मामंजी, मी आत्ता फोन करते. माझी चूक होती असं सांगते."

"नको मा. तुला वाईट म्हणेल ती. मी उद्या बघतो."

त्यांनी पुन्हा लिहिलं नाही आणि मीही विषय काढला नाही. अक्कांचा नंबर माझ्याकडे होता. त्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. मामंजी तंजावरला जाऊन तेरा दिवस राहिले आणि परत आल्यावरही माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले.

पत्र बिघडवल्याबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ करीन. अति शहाणपणा झाला, दुसरं काय. पण ते "नको मा" म्हणाले तेव्हा मी लगेच "बरं" म्हणाले होते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं.