पाच दिवसांची हजेरी

जैतापूरच्या बंदरात बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि आम्ही पडावातून तिच्यापर्यंत जायचं. मी मुंबईला निघाले त्या सकाळी आई लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती. माझी पत्र्याची ट्रंक तिनंच पडावात चढवली. रडली नाही. पडाव हलला तेव्हा मोठ्यानं म्हणाली, "नाव विचारलं तर पुरं सांग. अर्धं सांगू नकोस."

आमच्या वाडीतली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. सुलोचना गंगाराम कांबळे. पुरं नाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते आईला चांगलं ठाऊक होतं, आणि तरी तिनं तेच बजावलं.

तुम्ही जे तिकडे वाडीत राहिलात, त्यांना बोट बराच वेळ दिसत राहिली असेल. आणि तुम्ही जे माझ्यासारखे बोटीत बसून आलात, त्यांना आठवत असेल की आपल्याला किनारा फार लवकर दिसेनासा होतो. ओकाऱ्या, मिठाचा वास, कुणाच्या तरी टोपलीतल्या सुकटीचा वास, आणि मग एकदम भाऊचा धक्का. मामा न्यायला आला होता. ट्रंक खांद्यावर टाकून तो रे रोडच्या लाकडाच्या वखारींवरून झपाझप चालत होता आणि मी मागून जवळजवळ धावत होते. वाटभर त्यानं मागं वळून पाहिलं नाही. चाळीत पोचल्यावर म्हणाला, "पोचलीस ना? हितं अशीच सवय लावून घे. कुणी थांबत नाय."

मामा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात मागावर होता. त्याच्या एका खोलीत मामा, मामी, त्यांची दोन मुलं आणि आता मी. माळ्याखालची जागा मला मिळाली. गावी मी अंगणभर झोपायचे, इथं कूस बदलताना भिंतीला कोपर लागायचं. पण त्या कोपऱ्यात माझी पुस्तकं राहिली, आणि मामीनं त्यांना कधी हलवलं नाही.

कॉलेज फोर्टाच्या बाजूला होतं, काळ्या दगडाचं, टोकदार कमानींचं. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्या होत्या. ऐन दुपारीही आतले व्हरांडे अंधारे आणि थंड असत. आम्ही मुली वर्गात आधी जाऊन बसत नसू. व्हरांड्यात एका बाजूला उभं राहायचं, प्राध्यापक आले की त्यांच्या मागून आत शिरायचं आणि बाजूच्या बाकांवर बसायचं. मी तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला. बाकीचे प्राध्यापक रोल नंबर पुकारायचे, पण इतिहासाचे किर्तने सर नावं घ्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं आणि मी पुरं सांगितलं. दोन-तीन माना वळल्या. सरांनी ते हजेरीच्या कॅटलॉगात सावकाश लिहिलं आणि म्हणाले, "अक्षर न अक्षर नीट ऐकू आलं. बस."

सर साठीला आलेले. काळा कोट, चष्म्याच्या जाड काचा. मोतीबिंदू वाढत होता, पण ते कुणाला सांगत नसत. कागद नसायचाच हातात. कान्हेरीच्या लेण्यांवर ते शिकवायला लागले की दगडावरची अक्षरं फळ्यावर लिहायचे. कुणा लोहारानं दिलेलं पाण्याचं टाकं, कुणा भिक्षुणीनं कोरवून घेतलेली खोली. मी सगळं उतरवून घ्यायचे. पण दोन वर्षांत एकदाही मी वर्गात प्रश्न विचारला नाही. तोंड उघडलं की गावचा हेल बाहेर यायचा आणि मागच्या बाकांवरून खोकल्याचे आवाज यायचे.

मग चळवळीचे ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळलं आणि परळ-लालबागचं रूपच पालटलं. सभा, मोर्चे, भिंतींवर चुन्यानं लिहिलेल्या घोषणा. मामा पाळी संपवून सरळ सभेला जायचा. एका सकाळी गोळीबार झाला, संचारबंदी लागली आणि आम्ही चाळीत अडकलो. गिरणीचा भोंगा थांबला. इतकी वर्षं ज्या आवाजावर चाळ उठली, जेवली, तो आवाजच नाही. त्या शांततेत नळाचं पाणी ठिबकलं तरी माणसं दचकायची.

आमच्या खालच्या मजल्यावर जनार्दन राहत होता, एकोणीस-वीसचा. संचारबंदी तासाभरासाठी उठली म्हणून दूध आणायला गेला. तांब्या घेऊन गेला होता. तांब्या परत आला, शेजारच्या चाळीतल्या कुणीतरी आणून दिला.

त्याची आई पार्वतीकाकी एकटीच होती. पुढचे पाच दिवस मी तिच्या खोलीत काढले. तिला एकटं सोडायचं नाही असं चाळीतल्या बायकांनी ठरवलं होतं, आणि संचारबंदीत कॉलेजला जाता न येणारी, लेकरं नसलेली अशी मीच. मी तिचा हात धरून बसायचे. गावच्या गोष्टी सांगायचे, खाडीच्या, आमच्या म्हशीच्या, आईच्या. ती ऐकत होती की नाही कळत नसे. मध्येच माझं मन भरकटून सरांच्या वर्गात जायचं. मनात यायचं, टाकं देणाऱ्याचं नाव दगडावर आहे, पण ज्यानं छिन्नी धरली, ज्याचे हात फुटले, त्याचं नाव कुठं आहे? मग काकी हुंदका द्यायची आणि मी परत यायचे.

सगळं निवळल्यावर कॉलेजात गेले. हजेरी कमी भरलेल्यांची यादी बोर्डावर लागली होती, विषयवार. माझी आधीच मलेरियात पंधरवडाभर बुडाली होती. इतिहासाची टर्म भरली नाही की परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे परत पडाव. मी भीतभीत यादी पाहिली. आमच्या वर्गातली जवळजवळ सगळी नावं होती. माझं नव्हतं.

चूक झाली असेल म्हणून सरांच्या खोलीत गेले.

"सर, संचारबंदीत मी आले नव्हते. माझं नाव यादीत राहून गेलंय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आली नव्हतीस? अगं, तू एकटीच तर येत होतीस. मी ठाकूरद्वारहून गल्ल्यागल्ल्यांतून चालत यायचो. वर्ग म्हणजे वर्ग. पाचही दिवस तिसऱ्या बाकावर तू होतीस."

त्यांनी कॅटलॉग उघडून पुढं सरकवला. त्या पाच रकान्यांत वरपासून खालपर्यंत सगळी गैरहजर. फक्त माझ्या नावासमोर पाच वेळा हजर. सरांच्याच शाईत.

"सर, दुसरं कुणी असेल. तुमचे डोळे..."

"डोळे गेले असतील, कान नाही गेले," ते म्हणाले. "तू शेवटच्या दिवशी उभी राहिलीस आणि विचारलंस, टाकं देणाऱ्याचं नाव दगडावर आहे, खोदणाऱ्याचं कुठं आहे? इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी घरी जाऊन झोपलो नाही त्या प्रश्नानं."

तो प्रश्न मी कुणालाच बोलले नव्हते. काकीलासुद्धा नाही.

खाली फाटकापाशी तुकारामदादा बसायचे, कॉलेजचे शिपाई, मालवणकडचे. त्यांची नजर चांगली होती. त्यांना विचारलं तर हसले. "गो बाय, असा काय इचारतंस? सरांच्या पाठसून तू वर जाय होतंस. माझ्यासमोरसून. मी दोनदा हाक मारलंय, तू वळून बघूक नाय. म्हटला, घाबरलेला पोर आसा, जाऊंदे."

घरी येऊन सांगितलं तेव्हा मामीनं पदर तोंडाशी नेला. तिला माझ्यावरून नारळ उतरवून टाकायचा होता. मामा तिच्यावर ओरडला, असली थेरं या घरात नकोत म्हणून. मग माझ्याकडे वळून जरा सैल आवाजात म्हणाला, "साच्यावर माझी पाळी चुकली तर बदली कामगार उभा राहतो. मुकादम बघतो साचा चालू हाय ना, झालं. तुझी बी कोणतरी बदली उभी राहिली आसंल. सायबानं हजर मांडलंय ना? गप बस आन परीक्षा दे."

गप्प बसणं सोपं होतं. पण मला राहून राहून एकच वाटत होतं. कॅटलॉग खरा धरला, तर ते पाच दिवस मी जनार्दनच्या आईपाशी नव्हते असा त्याचा अर्थ होतो. मग तिच्यापाशी कोण होतं?

मी खाली गेले. काकी दारात तांदूळ निवडत बसली होती. सुपातला एकेक दाणा बोटानं बाजूला करत होती. मी शेजारी टेकले.

"काकी, ते पाच दिवस मी तुझ्यापाशीच होते ना गं?"

"होतीस की, बाय. तुझ्यामुळंच तगले." तिची बोटं थांबली. "पर एक शब्द बोलली नाहीस बघ. पाच दिवस. नुसती बसून. आन तुझा हात असा गार, मी म्हनायची, पोरीला थंडीताप तर भरला नाय ना."

आमची म्हैस, खाडी, आई, सगळं मी तिला सांगितलं होतं. घसा बसेपर्यंत सांगितलं होतं. मला माझाच आवाज आठवत होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या नावे अर्ज लिहिला. मी अमुक अमुक, संचारबंदीच्या पाच दिवसांत कॉलेजात हजर नव्हते, शेजारी मृत्यू झाल्यानं त्या घरी होते, सबब माझी हजेरी खोडावी. सरांना आधी दाखवला. त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचला.

"मी जे पाहिलं ते मी खोडणार नाही," ते म्हणाले. "पण तुला जे ठाऊक आहे ते तू लिहिलंस. दे नेऊन."

अर्जाचं काही झालं नाही. आठवड्यानं नोटीस लागली, शहरातल्या परिस्थितीमुळं त्या दिवसांची हजेरी कुणाचीच धरली जाणार नाही. मी परीक्षेला बसले, पास झाले. पण त्यानंतर सरांच्या मागून वर्गात शिरताना मी आधी दारातून तिसऱ्या बाकाकडे पाहायचे. बाक रिकामा असायचा. बसल्यावर मात्र फळी थोडी कोमट लागायची, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी. भिंतीवर कुठं ऊन येत नव्हतं.

सर निवृत्त झाले. वर्षभरानं कळलं की ते अंथरुणाला खिळलेत. मी गिरगावात त्यांच्या घरी गेले. सुनेनं मला पलंगाजवळ खुर्ची दिली, सगळ्यांच्याच कपांतल्या एका कपात चहा दिला. सरांचे डोळे आता पूर्ण गेले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"कोण, कांबळे?"

"हो सर."

"कोणती?"

सून माझ्याकडे पाहून ओशाळं हसली, म्हातारपण म्हणून. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, "जिनं अर्ज दिला होता ती, सर."

"अस्सं." त्यांनी तोंड छताकडे केलं. "मग ती दुसरी कुठं गेली?"

माझ्या तोंडून विचार न करता निघालं, "घरी गेली, सर."

त्यांचा चेहरा सैलावला. "बरं झालं. तिला इथं करमत नव्हतं. पाचही दिवस सारखी खिडकीतून समुद्राकडे बघत बसायची."

त्या वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसते आणि पन्हाळीचे नळ. मी चहा संपवला, त्यांच्या पायांना हात लावला आणि जिना उतरले. पुढच्या महिन्यात ते गेले.

पुढं मी दादरला एका शाळेत इतिहास शिकवायला लागले, संसार झाला, दादरलाच राहिले. बोली बदलली. आता मी इंग्रजी शब्द पेरल्याशिवाय वाक्य पुरं करत नाही असं नातवंडं चिडवतात. परळची ती चाळ गेली, तिथं काचेची इमारत उभी आहे आणि तिच्या दारावरचा माणूस मला वर सोडत नाही. आईला मी म्हातारपणी माझ्याकडे आणलं. ती इथंच, माझ्या हातांवर गेली. त्यामुळं गावी जायला तसं कारणच उरलं नाही.

तुम्ही तिकडचे मला दर वर्षी लिहिता, फोन करता. घर अजून उभं आहे, कौलं शाकारून घेतलीत, येऊन चार दिवस राहा. आता पडाव नको की बोट नको, एस. टी. थेट वाडीपर्यंत येते. मुलगा तर गाडीनं न्यायला तयार आहे. मी गुडघ्यांचं कारण सांगते. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण कारण ते नाही.

माझ्याबरोबर निघालेल्या पुष्कळांना घर म्हणजे मागं रिकामी राहिलेली जागा वाटते. कधी तरी परत जाऊन ती भरायची, अशा आशेवर त्यांनी आयुष्यं काढली. मला तो आधार नाही. माझी जागा तिथं भरलेली आहे. जिला इथं करमत नव्हतं, जी वर्गात उभी राहून न घाबरता बोलली, ती तिकडे सुखात असावी असं मला वाटतं, आणि मी गेले तर आम्हा दोघींपैकी एकीला उठावं लागेल.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकीच कुणीतरी विचारलं, कुणी येतच नाही तर घराला कुलूप घालू का? मी तेव्हा फोनवर काही बोलले नाही, म्हणून आज लिहिते आहे. कुलूप घालू नका. आत माणूस आहे.