मेंटेनन्सवाल्याची पीएचडी

लेथखाली लोखंडाचा भुसा साठतो ना, तसे कंपनीत किस्से साठतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच! दुसऱ्यांचे सांगितले की मंडळी भांडायला उठतात, म्हणून मी आपले स्वतःचेच सांगतो. माल भरपूर आहे.

मी चाकणच्या एका गिअर कंपनीत मेंटेनन्सला इंजिनिअर, राहायला काळेवाडीत. चाळिशीत लोकांना शुगर लागते, मला पीएचडी लागली! ताथवड्याच्या एका कॉलेजात पार्ट टाइम नाव घातलं. विषय असा, की मशीनची थरथर सेन्सरने मोजायची आणि बेअरिंग खराब व्हायला लागलं की आधीच ओळखायचं. तीन वर्षांत उरकतो म्हणालो होतो, नऊ लागली. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली, तिसरी मिळत नाही. शेवटच्या वर्षी पास, नाहीतर सगळं पाण्यात, अशी गत.

* * *

सुरुवातीला हौस दांडगी. कॅन्टीनमध्ये आमच्या फिटर लोकांसमोर लॅपटॉप उघडून मी भाषणच ठोकलं. "यापुढे मशीन बिघडायच्या आधीच आपल्याला कळणार!"

कुदळे नावाचा आमचा फिटर, चाकणच्याच बाजूच्या गावातला. तो चहा फुंकत म्हणाला, "कळंल व्हय. पण साहेब, प्रॉडक्शनवाले बिघडलेली मशीन बंद करून देत न्हाईत. चांगली कोन देनार?"

पहिल्याच दिवशी माझ्या संशोधनाचा निकाल लागला होता. मला तो कळायला नऊ वर्षं गेली, एवढंच.

* * *

मग डेटा गोळा करायला लागलो. एका ग्राइंडिंग मशीनवर सेन्सर कायमचा चिकटवला. तीन वर्षांच्या डेटात एक जबरदस्त गोष्ट सापडली. मशीन बंद, आजूबाजूला शांत, आणि अचानक एक प्रचंड धक्का! वर्षातून एकदाच. मी त्याला इंग्रजीत भारदस्त नाव दिलं, अकरा पानं लिहिली आणि गाईड सरांकडे नेली.

सरांनी पानं चाळली. "कुठल्या कुठल्या तारखा आहेत या?"

मी सांगितल्या. सरांनी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं, एकेक तारीख बघितली आणि शांतपणे फोन खाली ठेवला.

"अहो, ही तिन्ही वर्षांची खंडेनवमी आहे."

दुसऱ्या दिवशी कुदळेला विचारलं. तो म्हणाला, "मंग! पूजा झाली की नारळ मशीनच्या खालच्या लोखंडी बेडवरच फोडतो आमी. तुमच्या त्या डबीला हळदकुंकू बी लावतो की दरसाल!"

अकरा पानं! राव, नारळावर!

* * *

टेन्शन फार वाढलं तेव्हा मित्र म्हणाले, काहीतरी छंद लाव. म्हणून चिंचवड गावठाणात तबल्याचा क्लास लावला. गुरुजी म्हातारे, बोलायला एकदम सरळ. दुसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "काय करता आपण?"

मी जरा छाती काढून म्हणालो, "आवाज आणि कंपनं, यावर संशोधन करतो."

"वा! वाजवा बघू, मागच्या रविवारी दिलेला तीनताल."

मी वाजवला. गुरुजींनी डोळे मिटून सगळा ऐकला. मग डोळे उघडून म्हणाले, "संशोधन चालू ठेवा. इतक्यात थांबवू नका."

या तबल्यावरून घरी वेगळंच रामायण झालं. दुसऱ्या मुदतवाढीचा फॉर्म भरत होतो. 'विलंबाचे कारण' या रकान्यापाशी माझं घोडं अडलं. काय लिहायचं, सुचेना. चहा करून आलो तोवर आमच्या मंडळींनी, म्हणजे वैशालीने, स्वच्छ अक्षरात भरून टाकलं होतं: 'अर्जदार रविवारी तबला वाजवतो.'

मी नवा फॉर्म आणला. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते काही मला खोडता आलं नाही. इतक्या वर्षांत आम्ही धड एक सहल केली नव्हती. खरं सांगतो, त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

* * *

आणि आला व्हायवाचा दिवस. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "तोंडी पुरे. मला मशीनवर दाखवा."

गाईड सरांसकट वरात चाकणला. मशीन मी मुद्दाम धडधाकट निवडली होती. बेअरिंग चांगलं म्हणून हिरवा दिवा लागणार, सही होणार, विषय संपला! सगळं देखणं दिसावं म्हणून सेन्सरला जोडलेला माझ्या कॉम्प्युटरचा डबासुद्धा मशीनच्याच बेडवर बोल्टने आवळला होता.

मशीन चालू केली. लाल दिवा. बंद करून पुन्हा चालू केली. लाल! 'बेअरिंग खराब आहे.'

गाईड सर खिडकीबाहेर बघायला लागले. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात आमचे शेख चाचा पुढे आले. सगळ्यात जुने फिटर, रिटायरमेंटला चार महिने उरलेले. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"साहेब, बेअरिंग तर एकदम टकाटक आहे."

मग टोक सरकवत सरकवत ते माझ्या डब्यापाशी आले, थांबले आणि हसले.

"हे बघा! तुमच्या कॉम्प्युटरचा पंखा खरखरतोय. त्याचंच बेअरिंग गेलंय."

त्यांनी पंख्याची पिन उपसली. दिवा हिरवा!

परीक्षक एकदा दिव्याकडे बघत होते, एकदा पंख्याकडे. मग म्हणाले, "सिस्टिम काय म्हणाली? बेअरिंग खराब आहे. खराब निघालं ना?" आणि पेनाचं टोपण काढून त्यांनी सही ठोकली.

जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर! तो पंखा तेवढा बदलून घ्या."

"नका बदलू, साहेब," शेख चाचा म्हणाले. "नऊ वर्षांत यांना सापडलेलं हे पहिलंच बेअरिंग आहे!"