मोटारसायकलचं मावंदं

आमच्या ह्यांनी पंचावन्नाव्या वर्षी मोटारसायकल घेतली. मोटारसायकल कसली, म्हैसच ती! सिटी सेंटरच्या बँकेतून घरी येताना रोज शोरूमसमोर थांबून बघायचे, एक दिवस घेऊनच आले. ह्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगितली, कारकुनी केली. घोड्यावर कुणी बसलं असेल तर लग्नात, तेही दुसऱ्यानं लगाम धरून.

पण खरं सांगते, मी खूश झाले. कारण पेढे वाटताना हे म्हणाले, "आता देवीला ह्याच्यावरूनच जाऊ. तू न् मी." आम्ही इकडे उत्तरेत, आमची कुलदेवी पार खाली महाराष्ट्रात. माझी दोन बाळंतपणं वाया गेली तेव्हा मी तिला बोलले होते, मुलगा हातीपायी धड होऊ दे, जोडीनं येऊन तुझी ओटी भरीन. मुलगा झाला, मोठा झाला, नोकरीला बंगलोरला गेला. नवस तसाच राहिला. कधी ह्यांची रजा नाही, कधी सासूबाईंचं अंथरूण. देवी थांबलीय, या विचारानं मला झोप लागत नसे. हसा खुशाल.

मग सुरू झालं सजवणं. पुढे मोठी काच लावली, खाली गार्ड, धुक्यातले दिवे, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या. पाठ दुखते म्हणून हँडल उंच करून घेतलं. मला मेलं घरातल्या मिक्सरचं भांडं बदलून मिळेना! तरी प्रवासाला म्हणून मी दोन सुती सलवार-कमीज शिवून घेतले, हेल्मेट घालून आरशासमोर उभी राहून बघितलं.

शेवटी सीट. नया बाजारात एक सीटवाला आहे, त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो. रेक्झिनचा रंग मीच निवडला, तपकिरी. सीटवाल्यानं ह्यांना बसवून माप घेतलं आणि म्हणाला, "अब आंटी को बिठा दीजिए पीछे."

"नहीं नहीं," हे म्हणाले. "सिंगल बनाना है. पीछे सामान का कॅरिअर आएगा."

भर रस्त्यात मी विचारलं, "म्हणजे? मी कुठे बसू?"

"अगं, हजार-बाराशे किलोमीटर तुला झेपणार आहे का? ग्रुपबरोबर जायचंय."

"मग मी ट्रेननं येते. तिथे भेटू."

"आणि तुझी ट्रेन लेट झाली तर सगळ्यांनी काय तुझी वाट बघत बसायचं? मी करतो ना तुझा नवस. काय एवढं त्यात?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण सीटवाला बघत होता, म्हणून रिक्षा करून घरी आले.

पुढच्या रविवारी तो ग्रुप आमच्याकडे पोहे खायला आला. सगळे ह्यांच्याच वयाचे, जॅकिटं घालून पोटं झाकलेली. त्यांत एक दातांची डॉक्टरीण. चाळिशीची, नवरा इंदूरला, गाडी स्वतःची स्वतः चालवायची. कुणीतरी विचारलं, भाभी नहीं चल रहीं? हे म्हणाले, "इसको बिठाया तो पीछे का शॉकर ही बैठ जाएगा!" खो खो हसले सगळे. मी पोह्यांवर खोबरं घालत होते, घालत राहिले. डॉक्टरीण हसली नाही, हेही सांगून ठेवते.

ओटी मी बांधून दिली. हिरवी साडी, खण, तांदूळ, हळकुंडं, नारळ. एकेक गोष्ट हाताळून पेटीत ठेवली आणि मनातल्या मनात देवीला म्हटलं, बाई गं, समजून घे.

परत आल्यावर ह्यांनी मला टीव्हीवर मोबाईल जोडून व्हिडिओ दाखवला, मोठ्या कौतुकानं. देवळातले गुरुजी म्हणत होते, "यजमान, जोडीनं बसा, ओटी सवाष्णीनं भरायची असते." हे मागे वळले, हातानं बोलावलं. काळं जॅकिट घातलेली डॉक्टरीण पुढे आली. "मैं? भाभी को बुरा तो नहीं लगेगा?"

"अरे बैठो ना, फॉर्मॅलिटी है."

ती बसली. माझी हिरवी साडी तिच्या हातून देवीपुढे गेली. गुरुजी प्रसादाचा नारळ द्यायला वाकले, तिला पदर नव्हता, तिनं जॅकिटाची टोकं पुढे धरली. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"छान झालं की नाही?" ह्यांनी विचारलं. "आता मावंदं घाल. ग्रुपला पुरणपोळी खायचीय."

यात्रा करून आलं की घरी पूजा घालायची, माणसं जेवू घालायची, ते मावंदं. घातलं. पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, गुरुजी बोलावले, पूजेला दोन पाट मांडून रांगोळी काढली. ग्रुप आला. डॉक्टरीण साडी नेसून आली होती, बिचारीनं कुणाकडून तरी नेसवून घेतली असणार. हातात तो नारळ. "भाभी, ये असल में आपका है."

मी तिचा दंड धरला आणि ह्यांच्या शेजारच्या पाटाशी नेऊन उभी केली. "बैठिए. वहाँ पत्नी बनके बैठी थीं, तो यहाँ भी आप ही बैठेंगी. बाद में अंदर का कमरा भी दिखा दूँगी."

तिचा चेहरा आधी कळेनासा, मग कळून पांढरा पडला. नारळ पाटावर ठेवून, चपला हातात घेऊनच ती जिना उतरली. मला वाईट वाटलं का? नाही. अजिबात नाही.

हे माझ्यावर ओरडले. "तू तिचा अपमान केलास! सगळ्यांसमोर! तिला काय वाटलं असेल, याचा विचार केलास?"

काय वाटलं असेल! इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. ह्यांना येत होता तर तो प्रश्न.

सोवळं नेसलेलेच खाली धावले, गाडी काढली आणि तिची माफी मागायला तिच्यामागे गेले. ग्रुपमधलं कुणी मान वर करेना. गुरुजींनी हळूच विचारलं, "वहिनी, यजमान येईपर्यंत थांबायचं का?"

"कशाला?" मी म्हटलं. "नवस अजून फिटलेलाच नाही. तुम्ही जेवून घ्या."