यजमानाची खुर्ची

आमच्या हॉटेलात एखाद्या बड्या कंपनीचं खासगी जेवण असलं, की पाहुणे यायच्या आधी आक्का टेबलाभोवतीच्या प्रत्येक खुर्चीत बसून पाहायच्या. साडी सावरत बसायच्या, पाठ टेकायच्या, मान वळवायच्या आणि उठून पुढच्या खुर्चीत. "हितं एसीचा झोत मानेवर येतोय. हितल्याला समोरच्याचं तोंडच दिसत नाय, फुलदाणी हलव." फक्त टेबलाच्या टोकाची यजमानाची खुर्ची त्या सोडायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ती जेवू घालणाऱ्याची. आपण पगारी माणसं गं, सुरेखे."

पगारी म्हणे! सगळं आरसेदालन या बाईच्या जिवावर उभं होतं. आक्का आमच्या बँक्वेट मॅनेजर, माहेर कळवणचं, आणि मी त्यांच्या हाताखाली. हॉटेल नाशकातलं जुनं, काळ्या दगडाचं. वरच्या मजल्यावर भिंतीभर आरसे आणि मधोमध लांबलचक शिसवी टेबल, तेच आरसेदालन. सातपूर-अंबडच्या कारखानदारांचे कितीतरी करार त्या टेबलावर जेवता जेवता पक्के झाले. पाहुण्यांशी आक्का अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या. चिडल्या किंवा खूश झाल्या की मात्र कळवण बाहेर यायचं.

त्यांचा आणखी एक नियम होता. पाहुणे जेवून उठेपर्यंत स्वतः काही खायचं नाही. मी चोरून एखादा कटलेट तोंडात टाकला की हमखास पकडायच्या. "भरल्या पोटानं वाढणाऱ्याला दुसऱ्याची भूक दिसत नाय." मला तेव्हा हे थोतांड वाटायचं. बाईंना मिरवायची हौस आहे, असंही मी मनात म्हटलं होतं.

मग मुंबईहून नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण भलताच चकचकीत. आमच्या खोलीतलं तिथी-वारांचं कॅलेंडर त्यांनी पहिल्याच आठवड्यात उतरवलं. म्हणाले, भिंती मोकळ्या हव्यात, तारखा कॉम्प्युटरवर बघा. नंतर त्यांची नजर आरसेदालनावर गेली. एवढी जागा महिन्यातून चार जेवणांसाठी? तिथं व्यायामशाळा करू. आक्कांना त्यांनी शांतपणे सांगितलं, "भाऊसाहेबांचं जेवण होऊन जाऊ द्या. ते गाजलं तर बघू. नाहीतर एक तारखेपासून तुम्ही लॉन्ड्री बघा." त्या दिवशी आक्कांनी टेबल स्वतःच्या हातानं पुसलं.

भाऊसाहेब म्हणजे सातपूरचे जुने कारखानदार. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीच्या संचालकांना त्यांनी जेवायला बोलावलं होतं. त्या कंपनीचे सर्वेसर्वा चेन्नईचे. बेत साहेबांनी ठरवलेला: सूप, कोंबडीचे दोन प्रकार, मासे आणि विंचूरकडची उंची वाइन. पाहुणे आले, स्वागताचे ट्रे फिरले, आणि भरलेलेच परत आले.

आक्कांनी ट्रेकडे पाहिलं. मग दाराच्या फटीतून भाऊसाहेबांच्या कपाळाकडे पाहिलं. तिथं शेंदूर होता. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई गं! आज अंगारकी हाय!"

आता गंमत बघा. सकाळी कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी होती आणि आक्का सोडून आम्ही सगळ्यांनी ती चापली होती. पण सूट घालून टेबलाशी बसणाऱ्यालाही चतुर्थी असते, हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं, आक्कांच्याही नाही. पाहुण्यांनी तारीख दिली म्हणून भाऊसाहेब भिडेनं गप्प. यजमान एवढं करताहेत म्हणून पाहुणे भिडेनं गप्प. सगळे सूपाकडे बघत बसलेले!

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "चंद्र उगवायला नऊ वाजून जातील. तोवर पाहुण्यांना उपाशी ठेवायचं?"

"साहेब, आपण नाय ठेवत. ते आलेच उपाशी," आक्का म्हणाल्या आणि पदर खोचला. "सुरेखे, नारळ काढ. तांदळाची पिठी हाय ना?"

कोंबडी आणि मासे फ्रीजमध्ये गेले. आक्कांनी दालनात जाऊन हात जोडले. "आज अंगारकी. जेवण चंद्र बघून. तोवर गच्चीवर बसू या, चालेल?" मग चेन्नईचे साहेबच हसत सुटले आणि हिंदीत म्हणाले, की त्यांच्या घरीही आई ही चतुर्थी करायची, ते अजून करतात. सकाळपासून पोटात फक्त कॉफी आहे! सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. टाय सुटले, कोट उतरले.

गच्चीवर सतरंज्या अंथरल्या. वाइनच्या ग्लासांतून द्राक्षांचा रस गेला. खाली आक्का वाफेच्या भांड्याशी बसून मोदकांना अशा भराभर कळ्या पाडत होत्या, की आमचा आचारी हात थांबवून बघत राहिला. वर फायली नाहीत, टेबल नाही; भुकेली माणसं आपापल्या आईच्या हातच्या मोदकांबद्दल भांडत होती. पंचवटीकडच्या टॉवरच्या टाकीमागे चंद्र अडकला, तेव्हा तर संचालक मंडळी टाचा उंचावून उभी. तो निघाला तसा एकच गलका झाला. "दिसला! दिसला!"

त्या रात्रीचं वरण-भात-तूप आणि मोदकांचं जेवण मी जन्मात विसरणार नाही. माणसं मागून मागून जेवली. करार हात धुता धुताच ठरला. निघताना चेन्नईचे साहेब म्हणाले, यापुढे नाशिकचं आमचं प्रत्येक जेवण इथंच, आणि याच बाई हव्यात. जिंकलो हो आम्ही! मी तर आक्कांना मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः हातोडी घेऊन आले आणि कॅलेंडर होतं तिथंच टांगलं. व्यायामशाळेचं नाव पुन्हा निघालं नाही. आता अंगारकीला आरसेदालन मिळवायला वशिला लागतो.

गेल्या वर्षी आक्का निवृत्त झाल्या. निरोपाचं जेवण आरसेदालनात ठेवलं. सवयीनं त्या एकेका खुर्चीत बसून बघत टोकापर्यंत आल्या आणि थांबल्या. भाऊसाहेबांनी यजमानाची खुर्ची मागे ओढली. "बसा आक्का. आम्ही नुसती बिलं भरली. जेवू तुम्ही घातलंत."

त्या नको नको म्हणत होत्या, पण साहेबांनी हात धरून बसवलं. त्यांचे डोळे भरले, माझे तर वाहायलाच लागले. आक्कांनी पाठ टेकली, मान डावीकडून उजवीकडे फिरवली.

"सुरेखे," त्या म्हणाल्या, "हितनं सगळ्यांची ताटं दिसत्यात गं! भाऊसाहेबांच्या ताटात चटणी नाय, बघ."

मी डोळे पुसून वाढायला उठले. पोटात कावळे ओरडत होते. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.