नऊ काट्यांची केबल

"हाई काय शे, भाऊ?" असं म्हणत सुखदेव नानांनी लाल रेडियमची लांब पट्टी काउंटरवर पसरली. पट्टीवर 'आईवडिलांचा आशीर्वाद' कापायचं होतं. 'आईवडि'पर्यंत अक्षरं स्वच्छ होती. पुढच्या अक्षराच्या मधूनच सुरी तिरपी सुटली होती आणि थेट पट्टीच्या कडेला जाऊन थांबली होती.

"आशीर्वाद कुठे गया?" नाना म्हणाले. "गिऱ्हाईकाले काय निम्मे आईवडील देऊ?"

नानांचं पारोळ्याला रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवर नावं, नंबर, देवांची चित्रं चिकटवतात ते. कागदासारखा रंगीत रोल मशीनमध्ये लावायचा, कॉम्प्युटरवर अक्षरं काढायची आणि मशीन बारीक सुरीनं ती कापतं. त्या मशीनला प्लॉटर म्हणतात. नानांचा जुना कॉम्प्युटर जळाला म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यांनी आमच्या जळगावच्या दुकानातून नवा बनवून नेला होता. तो मी बनवला होता.

आमचे मालक विजयभाऊ म्हणाले, "नाना, तुमचा प्लॉटर जुना झाला. कॉम्प्युटरचा दोष नाही."

"जुना शे. पण जुन्या कॉम्प्युटरवर पूर्ण आशीर्वाद देत होता."

नानांबरोबर त्यांची मुलगी उज्ज्वला होती. नानांना जवळचं बारीक दिसेनासं झाल्यापासून दुकान तीच चालवते. ती म्हणाली, "भाऊ, लहान नाव बरोबर कापतं. 'राज', 'ओम' काही पण द्या, बरोबर. मोठं दिलं की मध्येच सुटतं. आणि शोरूमचं काम सगळं मोठंच आहे."

शोरूमचं काम म्हणजे बावीस ट्रॅक्टर. दसऱ्याला द्यायचे होते. प्रत्येकावर लांब पट्टी आणि घेणाऱ्याचं पूर्ण नाव. शोरूमवाल्यानं तिला सांगितलं होतं, शनिवारपर्यंत पट्ट्या आल्या नाहीत तर हे काम आणि यापुढची सगळी कामं धुळ्याच्या दुकानाला. त्या दिवशी गुरुवार होता.

हे सगळं मी काचेच्या पार्टिशनमागून ऐकत होते. माझं टेबल तिथेच आहे. गिऱ्हाईकांशी मी बोलत नसे. मी चौथी शिकलेली. नशिराबादहून रोज येते. सुरुवातीला दुकानात झाडायला आणि रिपेअरला आलेले कॉम्प्युटर पुसायला होते. जिनिंग मिलमधले कॉम्प्युटर यायचे, त्यांच्या पंख्यात कापसाची रुई गच्च बसलेली असायची. ती ब्रशनं काढता काढता कुठला भाग कुठे बसतो ते पाठ झालं. मग भाऊंनी स्क्रू ड्रायव्हर हातात दिला. आता दुकानातले सगळे सेट मीच जोडते. हे मी माझ्यापुरतं वहीत लिहिते आहे, पण कधी भाचीच्या हाती पडलं तर तिला कळावं म्हणून सोपं करून सांगते.

कॉम्प्युटर बनवताना एकेक चांगली वस्तू निवडून चालत नाही. एकीला दुसरी चालली पाहिजे. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं ती मोठी पाटी. प्रोसेसर त्या पाटीच्या जागेत बसला पाहिजे. रॅमच्या पट्टीला एक खाच असते, ती खाच पाटीवरच्या उंचवट्याशी जुळली पाहिजे, नाहीतर ती पट्टी दुसऱ्या जातीची. प्रोसेसरच्या नंबरामागे एखादं अक्षर असतं. एका अक्षराचा अर्थ असा की हा प्रोसेसर स्वतः चित्र दाखवत नाही, वेगळं कार्ड घ्यावं लागतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखता येतात. त्यामुळे मी बॉक्सवरचं एकेक अक्षर बघते. घाईत वाचणाऱ्यांचं शेवटचं अक्षर सुटतं.

नानांचं बजेट अठ्ठावीस हजार होतं. मॉनिटर त्यांचा जुनाच वापरायचा होता, म्हणून मी जुन्या मॉनिटरची केबल लागेल असा बोर्ड शोधला. तसे दोन बोर्ड शेल्फवर होते. किंमत जवळजवळ सारखी. एकाला रंगीत लाइट लावायची सोय होती. दुसरा साधा, पण त्याच्या कडेला दोन रांगांत नऊ काट्यांची एक जागा होती आणि तिथे बारीक अक्षरांत COM छापलं होतं. त्या जागेतून एक तार काढून मागे पोर्ट बसवता येतो. जुन्या मशीनना तोच पोर्ट लागतो.

नाना पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या पिशवीतून एका केबलचं टोक बाहेर आलेलं मी पाहिलं होतं. नऊ भोकांचं. मी मनात म्हटलं, यांना साधा बोर्ड द्यायला हवा. पण भाऊ म्हणाले, "हा लाइटवाला टाका, दिसायला छान. त्या केबलला कन्व्हर्टर देऊ." कन्व्हर्टर म्हणजे एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला नऊ काटे अशी छोटी वायर. सगळे हल्ली तेच लावतात. समोर गिऱ्हाईक बसलेलं. मी काही बोलले नाही. लाइटवाला बोर्ड घेतला आणि जोडला.

आता तीच गोष्ट काउंटरवर लाल पट्टी होऊन पडली होती. भाऊ आणि नाना दोघांचाही आवाज चढत होता. मी उठून बाहेर गेले आणि नानांकडे न बघता उज्ज्वलाला म्हटलं, "प्लॉटर थांब म्हणतो, ते कन्व्हर्टर ऐकत नाही."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले.

"नीट सांगा ना, ताई," उज्ज्वला म्हणाली.

मग सांगितलं. मळणी यंत्रात कणसं टाकणारा असतो. यंत्र भरलं की त्यानं हात थांबवायला हवा. प्लॉटर हळू कापतो आणि कॉम्प्युटर भराभर अक्षरं पाठवतो. प्लॉटर भरला की एका वेगळ्या तारेवरून 'थांब' असं कळवतो. स्वस्त कन्व्हर्टर त्या तारेकडे लक्ष देत नाही, पाठवतच राहतो. जास्तीचं सांडतं. लहान नाव भरायच्या आत संपतं, म्हणून बरोबर येतं. मोठं नाव मध्येच सांडतं आणि सुरी भरकटते.

"म्हणजे बोर्ड बदलावा लागेल?" भाऊंनी विचारलं.

"साधा बोर्ड अजून शेल्फवर आहे. प्रोसेसर तोच बसेल. रॅमची खाच जुळते. मॉनिटरचा पोर्ट आहे. स्क्रूच्या जागा त्याच."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

मी खाली बघितलं. नाना म्हणाले, "भाऊ, बाईले रागवू नका. आते बोलनी ना!"

तासाभरात बोर्ड बदलला. बोर्डापासून मागच्या पोर्टपर्यंत तारा नेणारी नऊ काट्यांची पट्टी मात्र दुकानात नवी नव्हती. जळगावच्या दुकानांतही आता कुणी ठेवत नाही. मी भंगारच्या खोक्यातून एका जुन्या कॉम्प्युटरची काढली. तिच्या तारांच्या टोकाचा प्लग बोर्डावर अगदी बरोबर बसला. पण चालवून बघायला प्लॉटर इथे नव्हता. भाऊ म्हणाले, "शोभाताई, तुम्ही जा यांच्याबरोबर. लावून द्या आणि साडेपाचच्या गाडीनं या."

मी कधी गिऱ्हाईकाकडे गेले नव्हते. पण नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं. स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि बोर्डाचा रिकामा बॉक्स घेऊन नानांच्या व्हॅनमध्ये बसले. व्हॅनवर इतके स्टिकर होते की मूळ रंग शोधावा लागत होता.

वाटेत मी उज्ज्वलाला खरं काय ते सांगितलं. "मला ती केबल पहिल्याच दिवशी दिसली होती."

"मग बोलल्या का नाही?"

"मला लाज वाटते चार माणसांत."

"लाजायला काय झालं? तुम्हाला बघायला आलो होतो का आम्ही?"

पुढे नाना गाडी चालवता चालवता हसले. मग उज्ज्वला हसायची थांबली आणि म्हणाली, "तीन रोल वाया गेले माझे. आज चाललं पाहिजे ताई. शनिवार काही पुढे जाणार नाही."

पारोळ्याला दुकानात सगळं जोडलं. कॉम्प्युटर सुरू झाला. बोर्डाच्या सेटिंगमध्ये तो पोर्ट चालू असल्याचं बघून घेतलं. उज्ज्वलानं रोल लावला आणि कापायची कमांड दिली. प्लॉटर हललाच नाही. पुन्हा दिली. सुरीनं साधं डोकंसुद्धा उचललं नाही.

नाना स्टुलावर बसले होते. "आगोदर आईवडील तरी कापे," ते म्हणाले. "आते तेबी नही."

भाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "पोर्टची पट्टी खराब असेल. कुरिअरनं मागवतो, सोमवारी मिळेल." उज्ज्वलानं ते ऐकलं. ती शोरूमवाल्याचा नंबर काढून मोबाइल हातात धरून बसली.

मी पोर्टची पट्टी काढली. दिसायला काहीच वाईट नव्हतं. मल्टिमीटरला एक सोय असते, तारेच्या दोन टोकांना सुया लावल्या आणि तार अखंड असली की तो वाजतो. नऊच्या नऊ तारा वाजल्या. म्हणजे पट्टी खराब नव्हती. पण एक गोष्ट खटकली. पोर्टवरच्या काट्यांना एक ते नऊ असे बारीक अंक असतात. दोन नंबरच्या काट्याला सुई लावली तर प्लगमध्ये तो एक नंबरच्या शेजारी, त्याच रांगेत वाजला. तीन त्याच्या पुढे. म्हणजे एक ते पाच एका रांगेत आणि सहा ते नऊ दुसऱ्या रांगेत.

बॉक्समधून बोर्डाचं पुस्तक काढलं. इंग्रजी मजकुराचा उपयोग नव्हता, पण चित्रात अंक होते. त्या चित्रात एक वरच्या रांगेत, दोन त्याच्या खाली, तीन परत वर, चार खाली. नागमोडी टाका घालतात तसे. दोन कंपन्यांनी दोन पद्धतींनी तारा लावलेल्या, आणि प्लग मात्र एकाच मापाचा. नऊपैकी फक्त एक नंबरची तार जागेवर होती. बाकी आठ चुकीच्या काट्यांवर बसल्या होत्या. प्लॉटर बोलत असेल, पण ते भलत्याच तारेवरून जात असेल.

"तुमच्याकडे बारीक टोकाचं काही आहे?" मी विचारलं.

रेडियम कापल्यावर अक्षरांच्या पोटातला नको तो भाग उचलायला एक सुईसारखं हत्यार असतं. उज्ज्वलानं ते दिलं. प्लगमध्ये प्रत्येक तारेला प्लॅस्टिकची एक छोटी जीभ धरून ठेवते. ती सुईनं उचलली की तार मागे ओढून निघते. मी आठही तारा काढल्या. उज्ज्वला पुस्तकातलं चित्र समोर धरून अंक वाचत होती आणि मी एकेक तार त्या जागी घालून मल्टिमीटरनं वाजवून बघत होते.

"दोन?" ती.

वाजलं.

"तीन?"

वाजलं.

सहाला वाजलं नाही. मी सहाच्या जागी आठची तार घातली होती. ती काढून सहाची घातली. नाना उठून आमच्यामागे उभे राहिले होते. प्रत्येक वाजण्याला "हां" म्हणत होते. सहाला न वाजल्यावर ते आणखी वाकून बघायला लागले.

पोर्टची पट्टी परत बसवली. उज्ज्वलानं जुन्या रोलचा उरलेला तुकडा लावला. नाना म्हणाले, "चांगला रोल लाव. आशीर्वाद तुकड्यावर नको."

"नाना, थांबा ना जरा!" म्हणत तिनं कमांड दिली.

प्लॉटरनं रोल मागेपुढे ओढला आणि सुरी खाली घेतली. 'आईवडि' झालं. मग 'लां'. तिथे तो मध्येच थांबला. आमचं तिघांचंही तोंड उतरलं. पण दोन क्षणांनी तो पुन्हा चालायला लागला. भरला होता म्हणून 'थांब' म्हणाला होता, आणि या वेळी कॉम्प्युटरनं ऐकलं होतं. असा तीनदा थांबला आणि 'आशीर्वाद' पूर्ण करूनच गप्प झाला.

उज्ज्वलानं मग चांगला रोल लावला आणि एका ट्रॅक्टरची पूर्ण पट्टी कापली. एकही अक्षर सुटलं नाही. तिनं शोरूमवाल्याला फोन करून "शनिवारी दुपारी घेऊन येते" एवढंच सांगितलं. नानांनी मला गाडीवर सोडलं. बाविसाव्या ट्रॅक्टरची पट्टी लावून झाल्याचा फोटो तिनं शनिवारी भाऊंच्या मोबाइलवर पाठवला. शोरूमचं काम अजून तिच्याकडेच आहे.

लाइटवाला बोर्ड एका कॉलेजच्या मुलानं आनंदानं नेला. वाया गेलेल्या तीन रोलची भरपाई म्हणून भाऊंनी नानांकडून बोर्ड बदलायचे पैसे घेतले नाहीत.  आणि पुढच्या सोमवारपासून ते कॉम्प्युटर बनवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे पाठवायला लागले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. प्लग बसला तरी तारा जागेवर आहेत का ते मीटरनं बघते. आणि वस्तूंची यादी करायच्या आधी विचारते, "याला काय काय जोडणार?" हे विचारताना माझा आवाज अजूनही नीट निघत नाही. बहुतेक जण म्हणतात, "काही नाही, साधा कॉम्प्युटर पाहिजे." मी परत विचारते. दुसऱ्यांदा विचारलं की कुणाचा वजनकाटा निघतो, कुणाचा पंधरा वर्षांचा प्रिंटर निघतो.